बॅटरीची बडदास्त

दि. ६ नोव्हेंबर

सौ. ठकूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. हाड जुळलं, काठीची सवय झाली, पण मी काही बरा नाही. जन्मभर लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना बाहेर काढलं आणि आता लेकीच्या घरी सातव्या मजल्यावर मीच अडकून बसलोय. छकुली तिच्या दातांच्या दवाखान्यात जाण्याआधी माझा रक्तदाब मोजते, दुपारी जेवायला आली की मोजते, झोपताना पुन्हा मोजते. काल तिला म्हटलं, इतक्या वेळा मोजल्यावर कोणाचाही वाढेल. तर तिने तेही लिहून घेतलं.

आता कामाचं. फोनवर हे बोलता येत नाही. मला कमी ऐकू येतं म्हणून ती स्पीकर लावते आणि शेजारी उभी राहते. म्हणून पत्र. खाली फिरायला उतरतो तेव्हा माझ्या हाताने पेटीत टाकतो.

परवा आमचं चांगलंच जुंपलं. ती म्हणाली, बाबा, आता ते घर आवरू, बाग देऊन टाकू, आणि तो गवत कापायचा ट्रॅक्टर भंगारात घालू. भंगारात! गवत कापून त्यावरून उतरताना मी पडलो हे खरं, पण पडलो मी. त्याने ढकललं नाही. मी म्हटलं, माझा ट्रॅक्टर आजही पहिल्या सेल्फला सुरू होतो. ती म्हणाली, हिवाळाभर पडून राहिल्यावर? शक्यच नाही. शब्दाने शब्द वाढला आणि शेवटी पैज लागली. मार्चअखेर तिला सुट्टी आहे, तेव्हा आम्ही दोघं तिकडे येणार. किल्ली फिरवल्यावर ट्रॅक्टर पहिल्या सेल्फला सुरू झाला, तर मी माझ्या घरी राहणार. नाही झाला, तर मुकाट तिच्याबरोबर परत, आणि पुन्हा घराचं नाव काढायचं नाही. रागाच्या भरात मी हो म्हणून बसलो.

तेव्हा ठकू, माझं घर आता त्या बॅटरीवर आहे. कुंपण ओलांडलं की तू शेडमध्ये, किल्लीही तुझ्याकडेच. डोळ्यात तेल घालून तिची काळजी घे. जास्त काय सांगू, तू शहाणी आहेस.

तुझ्या यजमानांना, आमच्या जावईबापूंना नमस्कार. लोभ आहेच, तो बॅटरीवरही कर.

तुझा,
दादा

•

दि. १३ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू अगदी निर्धास्त राहा. पत्र वाचलं आणि हातातलं काम टाकून शेडमध्ये गेले. बघते तर काय, सीटखाली ती बिचारी बॅटरी एवढ्या थंडीत उघडी! शिवणक्लास बंद केला तरी कापड घरात पडलेलं असतंच. कापूस भरून तिला छोटी रजई शिवली आणि वायरी बाहेर काढायला दोन काजं केली. काजं अशी झालीत की क्लासच्या पोरींना दाखवावीत.

रोज सकाळी चहा झाला की जाते, सेल्फ मारते, दोन मिनिटं इंजिन गुरगुरू देते आणि लगेच बंद करते. जास्त दमवत नाही. ह्यांनी तर परवा एक शोधच लावला. किल्ली अर्ध्यावर ठेवली की पुढे एक तांबडा दिवा लागतो. ह्यांचं म्हणणं, तो दिवा म्हणजे बॅटरीची नाडी. जन्मभर औषधाचं दुकान चालवलेल्या माणसाचा शब्द मी कसा मोडू? तेव्हापासून किल्ली अर्ध्यावरच ठेवली आहे, म्हणजे दिवा अखंड चालू. भांडी घासताना खिडकीतून तांबडा ठिपका दिसला की माझा जीव भांड्यात पडतो.

पहिल्या दिवशी दिवा चांगला टवटवीत होता. आज जरा पेंगल्यासारखा वाटला आणि इंजिननेही उठायला थोडा आळस केला. थंडीच तशी आहे, आम्हीही उशिराच उठतो.

छकुलीला रागावू नकोस, तिला तुझ्याशिवाय आहे कोण? आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठकू

•

दि. १७ नोव्हेंबर

सौ. ठकूस,

आशीर्वाद शेवटी देतो. आधी ऊठ, शेडमध्ये जा, आणि ती किल्ली बंद कर. बाकीचं पत्र आल्यावर वाच.

आलीस? आता ऐक. तो दिवा म्हणजे नाडी नव्हे. तो बॅटरीचंच रक्त पिऊन जळतो. तुम्ही दोघांनी मिळून तिला जागवून जागवून मारलं. आणि एकदा सेल्फ मारला की जेवढी बॅटरी उतरते, तेवढी पुन्हा भरायला इंजिन चांगला अर्धा-पाऊण तास चालावं लागतं. तू रोज ओंजळभर काढतेस आणि चमचाभर घालतेस, वर म्हणतेस दमवत नाही. अति तेथे माती!

तुझं पत्र आल्या आल्या मी फोन केला होता. छकुली स्पीकर लावून शेजारी हजर. उघड बोलायची सोय नाही, म्हणून म्हटलं, ठकू, दिवा मालव आणि झोपू दे, रात्रंदिवस जागवू नकोस. तर तू म्हणालीस, अरे हे तर दुपारपासून घोरतायत. छकुली हसून हसून खाली बसली आणि मी कपाळाला हात लावला.

आता सांगतो तसं, आणि सांगतो तेवढंच कर. दहाचा पाना घे. आधी निगेटिव्हची वायर सोड, मग पॉझिटिव्हची. उलट केलंस तर ठिणग्या उडतील. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड चढली असेल, ती खायच्या सोड्याच्या पाण्याने आणि जुन्या ब्रशने धू. झाकणं घट्ट लावून धू, सोडा आत जाता कामा नये. मग झाकणं उघडून बघ. आतल्या पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकंच बॅटरीचं पाणी घाल. नळाचं घालशील तर याद राख. चार्जर शेडच्या खणात आहे, तो हळू चार्जिंगवर लाव, खिडकी उघडी ठेव, जवळ काडी ओढू नका. पूर्ण भरली की पाणी खुणेपर्यंत आण आणि तिला जिन्याखाली कोरड्या जागी ठेव. महिन्यातून एकदा चार्जिंग, बस. रजई काढ.

हे आत्ताच कर. उतरलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीत गोठून फुटते. ती फुटली की मी जन्मभर सातव्या मजल्यावर.

आता आशीर्वाद.

दादा

•

दि. २३ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. खाली शेळ्या आम्ही होतो.

तुझं पत्र आलं तेव्हा दिवा केव्हाच विझला होता. सेल्फ मारला तर नुसतं टक् झालं. पण रडत बसले नाही. तुझं पत्र डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं हातात धरून हे उभे राहिले आणि मी पाना चालवला. आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. सोड्याचं पाणी टाकल्यावर असा फेस आला की ह्यांनी शेडच्या दारापर्यंत माघार घेतली. पट्ट्या खरंच उघड्या होत्या. ह्यांनी डिस्टिल्ड वॉटर आणलं आणि ड्रॉपरने मोजत मोजत सहाही भोकांत घातलं. मी म्हटलं, अहो, ही बॅटरी आहे, बाळाचे डोळे नव्हेत. तर म्हणाले, मात्रा ती मात्रा.

चार्जर लावला तर काटा बराच वेळ हलेना. मी तीनदा जाऊन बघून आले. मग हळूच सरकला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाई पूर्ण भरल्या! आता ती आमच्या जिन्याखाली बसली आहे, वायर नाही, दिवा नाही, कोणी नाही. मला तिच्याकडे बघवत नाही, पण तू म्हणालास म्हणून गप्प आहे. रजई ह्यांच्या गुडघ्यांवर आहे. एक काज उजव्या गुडघ्यावर येतं.

रागावलास ते विसरले, तूही विसर.

ठकू

•

दि. ३ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यापासून बाबा शीळ वाजवतायत आणि त्यांचा रक्तदाब शहाण्यासारखा वागतोय. तेव्हाच मला संशय आला. विचारलं तर म्हणाले, ठकू बघतेय तिकडचं. म्हणजे पैजेचं तुला माहीत आहे तर.

आत्या, मी एकच मागते, रागावू नकोस. तू वाईट काही करू नकोस. फक्त काहीच करू नकोस. बॅटरीला हात लावू नकोस. पडून पडून ती आपोआप मरेल, मार्चमध्ये ट्रॅक्टर सुरू होणार नाही, आणि बाबांना मी नाही, त्यांची स्वतःची पैजच परत आणेल. त्यांना माझा राग यायला नको.

ते पडले त्या दिवशी मी एका पेशंटच्या तोंडात हात घालून उभी होते. तुझा फोन आला आणि पुढचं काही आठवत नाही. अजून अवेळी फोन वाजला की आधी तुझं नाव तर नाही ना ते बघते. शेजारी तू आहेस हे कबूल, पण तूही सत्तरीची आहेस. मी दुष्ट नाही गं, मला फक्त त्यांच्या जिवाची भीती वाटते.

काकांना नमस्कार, त्यांच्या कवळीला सांभाळा. उत्तर दवाखान्याच्या पत्त्यावर पाठव. तुझी माया मला हवीच आहे, हे वाचल्यावरही.

तुझी,
छकुली

•

दि. ९ डिसेंबर

चि. छकुलीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून मला रडू आलं आणि ह्यांनी गुडघ्यावरची रजई डोळे पुसायला दिली.

गवतात पडलेला दादा पहिल्यांदा मीच पाहिला. धावत गेले तर त्याने आधी काय विचारावं? इंजिन बंद केलंस का! तेव्हा चिडले होते, आता हसू येतं, आणि तो प्रसंग नुसता आठवला तरी अंगावर काटाही येतो. तुझी भीती खोटी नाही.

त्याला मी बॅटरी सांभाळते म्हणून कबूल केलंय. इकडे तू. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, मी औषध देणारा माणूस, मारायचं मला विचारू नकोस. शेवटी मी ठरवलं. दादाशी खोटं बोलणार नाही, पण तुझं ऐकते. आजपासून बॅटरीला हात लावणार नाही. महिन्याचं चार्जिंगही नाही. जिन्याखालचं दार लावून टाकलंय. पुढे जे होईल ते होवो.

आत्यावर विश्वास ठेव. जेवत जा वेळेवर.

तुझी,
आत्या

•

दि. १९ जानेवारी

सौ. ठकूस,
अ. उ. आ.

तुझ्या गेल्या दोन पत्रांत तुझा खोकला आहे, जावईबापूंचे गुडघे आहेत, समोरच्यांचं मांजरही आहे. बॅटरी तेवढी नाही. माझी झोप उडाली होती. रविवारी जावईबापूंचा फोन आला, त्यांना आडून आडून विचारलं की जिन्याखाली काय चाललंय. ते म्हणाले, काही नाही, ती महिनाभर तिकडे फिरकलीच नाही, दाराला कडी आहे.

ठकू, शाब्बास! खरं सांगतो, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. मला वाटलं होतं तू पुन्हा तिला अंगडं-टोपडं शिवशील. पूर्ण भरलेली, वायर सुटलेली, गार कोरडी जागा, आणि कोणाची लुडबुड नाही. बॅटरीला थंडीत याहून दुसरं काही लागत नाही. दोन-तीन महिने ती खुशाल राहते. महिन्याच्या चार्जिंगचं मी आपलं धास्तीपोटी लिहिलं होतं.

हे छकुलीलाही कोणी सांगेल तर बरं. आजकाल ती माझी संत्री सोलून, बिया काढून, वाटीत देते. मला दात आहेत, ठकू. तिनेच बसवलेत.

बाकी ठीक. अशीच काही न करता राहा, आणि लोभातही काटकसर नको.

दादा

•

दि. २५ जानेवारी

चि. छकुलीस,
अ. उ. आ.

घोटाळा झालाय. तुझ्या शब्दाखातर मी बॅटरीला हात लावला नाही, आणि दादाचं पत्र आलं की हात न लावल्यामुळेच ती ठणठणीत आहे! मी काळजी घेत होते तेव्हा ती मेली होती. मरायला सोडली तर तब्येत सुधारली. देव तारी त्याला कोण मारी म्हणतात ते असं.

आता सांग, मी काय करू? तिला मारायची तर पुन्हा माया करावी लागेल. ट्रॅक्टरला जोडून तो तांबडा दिवा लावला की झालं, रीत मला ठाऊक आहे. तू म्हणालीस तर करते. पण स्पष्ट लिही, मी आपल्या मनाने काही करणार नाही.

आणि लिहायला बसलेच आहे तर मनातलंही लिहिते. दादा घरी यावा असं मला वाटतं. कुंपणावरून ओरडणारं कोणी राहिलं नाही. हे गोड बोलतात, पण भांडायला माणूस लागतं. तुझी भीती मोठी, माझी हौस लहान, हे मला कळतं. तरी तुला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

उत्तर लवकर धाड. मी जिन्याखाली खुर्ची टाकून बसले आहे.

आत्या

•

दि. २ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

दिवा लावू नकोस.

तुझं पत्र दोन पेशंटच्या मध्ये वाचलं आणि इतकी हसले की तिसरा पेशंट परत निघाला होता. मग घरी गेले. बाबा खिडकीशी बसले होते, पुढ्यात माझी सोललेली संत्री, तशीच. मी वाटी उचलली आणि त्यांना अख्खं संत्रं दिलं. त्यांनी ते सोललं, साल खिशात घातली, आणि पहिल्यांदा मला अर्धं देऊ केलं. आत्या, मी ते उभ्याउभ्याच खाल्लं, बियांसकट.

मला अजून भीती वाटतेच. ते परत पडतील अशी वाटते. पण लबाडी करून त्यांना आणलं तर मी रोज त्यांच्या तोंडाकडे बघू शकणार नाही. हरायचे असतील तर खरे हरू देत. आम्ही यायच्या आधी बॅटरी एकदा नीट भर, बाबा सांगतात तशी.

मार्चमध्ये भेटूच. तोवर तुझ्या मायेतला माझा वाटा काकांना देऊ नकोस.

छकुली

•

दि. ९ एप्रिल

चि. छकुलीस,
अ. उ. आ.

नीट पोचल्याचा तुझा फोन आला, बरं वाटलं. आता स्पीकर नाही, तरी पत्रच लिहितोय, कारण हे मला तुझ्यासमोर बोलता येत नाही.

ठकूने सगळं सांगितलं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुला माहीत असायला हवं होतं. तू बॅटरी मरू दे म्हणालीस तेही कळलं, आणि मग नीट भर म्हणालीस तेही. पहिल्याचा राग आला होता. तो दुसऱ्याने गेला.

पैज मी जिंकलो. किल्ली फिरवली आणि अर्ध्या सेल्फला इंजिन बोललं. ठकू रडली, जावईबापूंनी टाळ्या वाजवल्या. मी एका हाताने स्टिअरिंग आणि एका हाताने सीट धरून उभा होतो. तुम्हा सगळ्यांना वाटलं असेल की मी इंजिन ऐकतोय. मी पाय उचलत होतो. तो पायरीपर्यंत आला, पुढे येईना. दुसऱ्यांदा उचलला, तरी येईना. ठकूला दिसलं नाही. तुला दिसलं. मी तुझ्याकडे बघितलं आणि वाट पाहिली, आता तू म्हणशील, बघा बाबा, मी सांगत नव्हते?

तू म्हणालीस, बाबा, थांबा, आधी मी बसते, यात क्लच कुठला ते विसरले, दाखवा ना. आणि माझ्या बाजूने वर चढलीस. मी खाली उभा राहून काठीने दाखवत राहिलो, हा क्लच, हा ब्रेक, हा पात्याचा दांडा, आणि सगळ्या बागेला ऐकू जाईल असं तुझ्यावर ओरडलो. वर्षभरात इतकं बरं वाटलं नव्हतं.

छकुले, कॉलेजच्या सुट्ट्यांत ही अख्खी बाग तूच कापायचीस. तुला क्लच माहीत होता. दुखणार नाही म्हणून रोज दहा जणांना सांगतेस ते खपत असेल, पण बापाला तुझी थाप कळते.

तेव्हा आता माझ्याकडून ऐक. घरी मी राहणार, पैज ती पैज. पण ट्रॅक्टरवर मी चढणार नाही. तू मागितलंस म्हणून नाही. तू मागितलं नाहीस म्हणून. किल्ली या पाकिटात घातली आहे, पाकिटासोबत फेकून देऊ नकोस. बॅटरी ट्रॅक्टरवर बसवली आहे, निगेटिव्ह सोडून ठेवली आहे, तू आलीस की जोडू.

गवत घोट्यापर्यंत आलंय. ते काही वेळ ठरवून वाढत नाही, म्हणून तूच वेळ काढून ये.

तुझा,
बाबा